वेट कर, अक्का

माझा धाकटा भाऊ 'थांब' म्हणत नाही. 'वेट कर' म्हणतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्याने काही हंगाम काढले. उसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची आणि हा खिडकीतून हात बाहेर काढून ड्रायव्हरांना 'वेट करा, वेट करा' म्हणत बसायचा. पुढे नोकरी सुटली, पण शब्द काही सुटला नाही. बायकोने जेवायला हाक मारली तरी वेट कर, आणि देवाच्या आरतीला उशीर झाला तरी देवालाही वेट कर. आम्ही सगळे हसायचो. माझं हसणं बंद झालं ते वडील गेल्यानंतर.

शिरोळकडच्या नदीकाठच्या गावांत जमीन दोन प्रकारची. नदीला लागून काळी, उसाची. आणि वर माळावरची मुरमाड. आमच्या लहानपणी माळाला कुणी विचारत नव्हतं, तिथे बाभळी होत्या आणि शेळ्या. मोठे पूर यायला लागले आणि माळाला किंमत आली, कारण सगळा गाव पाण्यात गेला तरी माळ कोरडा राहतो. माझं माहेर आणि सासर एकाच गावात आहे. सासरचं घर खालच्या गल्लीत, नदीच्या तोंडावर. माहेरचा माळ वर.

वडील गेल्यावर भाऊ हक्कसोडीचे कागद घेऊन आला. "अक्का, तू सही कर. माळावर घर बांधतोय. त्यात तुझी एक खोली. पुराच्या वक्ताला तुला जनावरं घेऊन यायला लागतंयच की."

मी सही केली. बाजारात म्हशीचे दात बघितल्याशिवाय दाव्याला हात न लावणारी मी, त्या दिवशी काही न बघता सही करून मोकळी झाले. पाया भरला तेव्हा खोलीचं विचारलं, तर वेट कर. स्लॅब पडला तेव्हाही वेट कर. वास्तुशांतीला गेले आणि माझी म्हणून दाखवलेल्या खोलीचं दार ढकललं, तर आत खताची पोती छपरापर्यंत रचलेली. बाहेर पंगत बसली होती. मी पंगतीच्या मधोमध उभी राहिले आणि विचारलं, "काय रं, माझ्या खोलीत पोती जेवायला बसवलीस व्हय?"

वाढपी भाताचं पातेलं घेऊन जागच्या जागी उभा राहिला. भाऊ माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "अक्का, पावण्यांच्या म्होरं तमाशा नको. जरा वेट कर."

मी न जेवता निघाले. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा. त्या दिवशी दोन्ही माळाच्या उतारापर्यंत ऐकू गेले असतील. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

माझा धंदा आधी सांगायला हवा, कारण पुढची चूक त्या धंद्यातूनच आली. मी म्हशींचा व्यापार करते. नवरा लवकर गेला, तेव्हा गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि कडेवर मुलगी. दूध घालून घर चालेना, तेव्हा मी बाजारात उतरले. जनावरांच्या बाजारात सौदा बोलून होत नाही. दोघे समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. आजूबाजूच्यांना काही कळत नाही. फक्त टॉवेल हलतो आणि दोघांचे चेहरे मख्ख असतात. आता बाईच्या हातात हात कोण देणार? पहिल्या बाजारात एक म्हातारा व्यापारी मला म्हणाला, "अक्का, तुमचा हात टॉवेलाखाली घेतला तर घरात भाकरी मिळायची न्हाय मला." सगळे हसले. मी त्याला म्हणाले, "तोंड हाय न्हवं तुम्हाला? मग तोंडानं सांगा." त्याला ते जमेना. टॉवेलाखाली खोटं बोलणारा माणूस उघड्यावर अडखळतो.

तिथून मी माझी रीत बसवली. म्हशीची कास बघायची, दात बघायचे, चार पावलं चालवायची आणि मग गप्प बसायचं. एरवी मी भांडते, ओरडते. भाव निघाला की मात्र एक शब्द काढत नाही. गप्प माणसासमोर समोरचा स्वतःशीच घासाघीस करायला लागतो. तो आकडा सांगतो, मी बघत राहते, तो स्वतःच खाली येतो. आधी जो बोलतो तो हरतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं की ती माझी बाजारातली रीत न राहता स्वभावच होऊन बसली.

आता भांडणानंतरच्या पहिल्या पावसाळ्याचं सांगते.

आमच्याकडे पुराचीही एक रीत आहे. पाणी वाढायला लागलं की माळावरच्या नातेवाइकाने खालच्याला फोन करायचा. खालच्याने मागायचं नाही. मागायला लावलं तर तो अपमान. दर पुरात माझ्या भावाचा फोन यायचा, "अक्का, जनावरं लावून दे वर." मी म्हणायचे, "बघू अजून, पाणी कुठं हाय," आणि तासाभरात म्हशी माळावर पोहोचायच्या. माझी सगळ्यात जुनी पंढरपुरी म्हैस, लांब शिंगांची, तिला तर वाट पाठ होती. दावं सोडलं की ती पुढे आणि बाकीच्या तिच्या मागे.

त्या वर्षी वाडीच्या दत्ताच्या देवळात नदीचं पाणी शिरून दक्षिणद्वार झालं. पादुकांवरून आलेलं पाणी दक्षिणेच्या दारातून बाहेर पडायला लागलं की आमच्याकडची माणसं अंघोळीला जातात. गल्लीतल्या बायकाही गेल्या. पुण्य घेऊन परत आल्या आणि भांडी बांधायला लागल्या, कारण पाऊस थांबत नव्हता आणि वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली होती. माझा फोन मी दावणीच्या खांबाला पिशवीत अडकवून ठेवला होता, वाजला तर लगेच ऐकू यावा म्हणून. तो वाजत नव्हता.

मुलगी कोल्हापूरला इंग्रजी घेऊन एम.ए. करते. कॉलेजला सुट्टी दिल्यामुळे ती घरी आली होती. ती म्हणाली, "आई, तू कर ना फोन मामाला."

"का? दरवर्षी तो करतो. यंदा त्याचं बोट दुखतंय काय?"

"पाणी बघ की बाहेर."

"पाणी मला शिकवू नकोस. मी त्याच्यासोबत म्हातारी व्हायला लागलेय."

मनात माझा हिशेब पक्का होता. फोन त्याने केला तर तो सौद्यात खाली आला. मग म्हशी त्याच्या दारात बांधता बांधता खोलीचा विषय काढायचा. फोन मी केला तर मी आसरा मागितला, आणि आसरा मागणाऱ्याने खोली मागायची नसते. त्यालाही हे कळत होतं. शेवटी तो माझाच भाऊ. म्हणून मी गोठ्याच्या कट्ट्यावर बसले आणि गप्प राहिले.

मुलीने गल्लीच्या तोंडाला, पाण्याच्या कडेला एक वीट ठेवली. थोड्या वेळाने ती पाण्याखाली गेली. तिने दुसरी ठेवली, अलीकडे. गल्ली रिकामी होत होती. ज्याचे त्याचे पाहुणे वर होते, जो तो ट्रॉलीत जनावरं चढवून जात होता. शेजारीण जाता जाता ओरडली, "अक्का, कुणाची वाट बघतीयास?" मी तिला हात हलवून वाटेला लावलं.

माझा वेळ जात नाही असं बघून मुलीने फोनवर काहीतरी वाचायला घेतलं. तिला शब्दांचा नाद आहे. एखादा शब्द सापडला की त्याचं आजोळ-पणजोळ शोधल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ती म्हणाली, "आई, मामाचा तो शब्द आहे ना, वेट. त्याचा अर्थ आधी थांबणं नव्हताच."

"मग काय होता?"

"टपून बसणं. उत्तर फ्रान्सच्या जुन्या बोलीतून तो इंग्रजीत आला. तेव्हा त्याचा अर्थ होता नजर ठेवणं, वाईट हेतूनं. शत्रू कुठून येतोय हे बघत दबा धरून बसणं."

मी तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तुझा मामा खरंच बोलत होता की."

ती हसली नाही. तिची नजर विटेवर होती. तिसरी वीट होती ती. "त्याच्याही आधी तो जर्मन टोळ्यांकडून फ्रान्समध्ये गेला. तिथं त्याचं मूळ जागं राहण्यात आहे, पहारा देण्यात. इंग्रजीतले जागं होण्याचे आणि पहाऱ्याचे शब्द त्याच कुळातले. जुन्या काळी तिकडं गावाचे राखणदार असायचे, त्यांनाही हाच शब्द होता. हॉटेलातला वेटरसुद्धा आधी पहारेकरीच. मग हळूहळू त्यातला शत्रू गेला, पहारा गेला, आणि नुसतं थांबणं उरलं."

मला त्या वेळी शब्दात रस नव्हता. पण तिचं बोलणं कानात राहिलं, कारण तेवढ्यात मला दुसरंच काहीतरी दिसलं. म्हशींनी रवंथ थांबवला होता.

म्हैस भीती दाखवत नाही. गाय हंबरते, धडपडते. म्हैस बसून राहते, डोळे अर्धे मिटून चघळत. दावणीच्या सगळ्या म्हशी उभ्या होत्या. सगळ्यांची तोंडं बंद, सगळ्यांचे कान नदीकडे. भिंतीवरून मुंग्यांची रेघ वर चढत होती, तोंडात पांढरी अंडी घेऊन. बेडकांचा आवाज सकाळपासून होता, तो कधी थांबला ते मला कळलं नव्हतं. आणि शेणाच्या, वैरणीच्या वासात एक नवीन वास मिसळला होता. ओल्या गाळाचा आणि डिझेलचा. तो वास मी ओळखते. मागच्या मोठ्या पुरात पाणी उतरल्यावर हाच वास घेत मी शेजाऱ्याच्या गोठ्यात गेले होते. त्यांना जनावरं सोडायला वेळ मिळाला नव्हता. म्हशी दावणीलाच होत्या. माना वर करून, दाव्याला ताण देऊन गेल्या होत्या. म्हैस उत्तम पोहते. पाण्याने नव्हे, दाव्याने गेल्या त्या.

ते सगळं पुन्हा डोळ्यांसमोर आलं. बाजारात मी कधी घाबरले नाही. त्या दुपारी कट्ट्यावर बसल्या बसल्या माझे हात थंड पडले.

मागच्या भिंतीखालून पाणी आत आलं. नदीकडून येईल म्हणून आम्ही पुढे विटा ठेवत होतो आणि ते मागून, गटारीतून आलं. शांत होतं. दावणीतल्या कडब्याच्या काड्या उचलून त्याने अलगद फिरवल्या.

"आई, फोन," मुलगी म्हणाली. या वेळी ती विनवत नव्हती.

मी पिशवीतून फोन काढला आणि भावाचा नंबर लावला. आधी बोलायला, हरायला, आसरा मागायला मी तयार होते. खोली गेली खड्ड्यात. फोन कानाला लावला तर आत काहीच नाही. मुलीच्या फोनवरही नाही. गावातल्या टॉवरची वीज गेली होती.

इतका वेळ फोन हाताशी होता तेव्हा मी बोलले नव्हते. आता बोलायचं होतं तर ऐकायला कुणी नव्हतं. गल्लीत हाक मारली. माझा आवाज पाण्यावरून जाऊन समोरच्या बंद दारांवर आपटून परत आला. गल्लीत आम्ही दोघीच उरलो होतो.

मुलीने विळा आणला. दावी भिजून आवळली होती, गाठी सुटेनात. एकेक दावं कापत गेलो. पाणी घोट्याचं गुडघ्याला आलं. जुन्या पंढरपुरीचं दावं मी शेवटी कापलं, ती बाकीच्यांच्या आधी निघू नये म्हणून. तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चल बाई, तुला म्हायतीय."

ती हलली नाही. गोठ्याच्या दारात उभी राहून बाहेरच्या पाण्याकडे बघत राहिली. जिला डबक्यातून बाहेर काढायला एरवी काठी लागते, ती पाण्यात पाय टाकेना. मुलीने माझा दंड धरला. मग म्हशीने नाकातून मोठा श्वास सोडला आणि ती उतरली. मागोमाग बाकीच्या.

गल्लीतून रस्त्यावर आलो तेव्हा पाणी कमरेला होतं. ऊस वाहत आला होता, कुणाची तरी कणगी, एक बंद सिलिंडर गिरक्या घेत गेला. विजेच्या खांबाला एक साप वेटोळं घालून बसला होता, आम्हाला त्याचं आणि त्याला आमचं काही पडलं नव्हतं. मी म्हशीची शेपटी धरली आणि मुलीने माझा पदर. पायाखाली डांबर लागत होतं तोपर्यंत ठीक होतं. पुढे ओढ्याची मोरी होती. तिथे रस्ता खचतो आणि पाण्याला ओढ असते, हे मला माहीत होतं. तिथवर जायचं आणि मग काय, हे माहीत नव्हतं.

मोरीच्या पलीकडे चढ आहे. चढावर, पाण्याच्या अगदी कडेला, एक ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या मडगार्डवर, डोक्यावर खताचं पोतं पांघरून, माझा भाऊ बसला होता. गल्लीच्या दिशेने बघत. आम्हाला बघून तो उठला आणि चालत पाण्यात आला.

म्हशी पोहत पार झाल्या. म्हातारी पुढे, सगळ्या तिच्या मागे. शेपटी माझ्या हातून सुटली. ओढ्याच्या मधोमध माझे पाय उचलले गेले. पदर ताणला, मुलगी ओरडली. गढूळ पाण्यात माझा हात मला दिसत नव्हता. तेवढ्यात पाण्याखाली कुणीतरी माझी बोटं पकडली. चार बोटं, घट्ट, दाबून. सौद्यात पकडतात तशी. आयुष्यात कुणा पुरुषाने टॉवेलाखाली माझी बोटं धरली नव्हती. तशा भीतीतही माझ्या डोक्यात आलं, की हा कोणता भाव सांगतोय?

त्याने आम्हा दोघींना ओढून चढावर घातलं. मी खोकत बसले. खोकला थांबल्यावर पहिला शब्द मीच काढला.

"कवापासनं बसलायस हितं?"

"सकाळधरनं."

"मग फोन का न्हाय केलास?"

"तू का न्हाय केलास? एक फोन केला असतास तर ट्रॉली घेऊन दारात आलो असतो की. म्हटलं बघू, अक्का बोलतीया का."

"माझी म्हसरं बुडाली असती रं भाड्या!"

"म्हणून तर बसलोय न्हवं? घरात बसायचं जमंना. म्होरं यायचंबी जमंना."

मुलगी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आवडलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही दोघंही टपून बसला होतात."

मला तिच्या पोथीतला दुसरा अर्थही आठवत होता, राखणदाराचा. तो सकाळपासून भिजत रस्त्यावर नजर ठेवून होता, हे खरं. तो तिथे नसता तर मी आज हे लिहायला नसते, हेही खरं. पण त्याने फोन केला नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि ते मी सोडणार नाही. आपण मराठीत वाट बघतो, म्हणजे कुणीतरी येणार असं धरून रस्त्याकडे डोळे लावतो. त्या दिवशी आम्ही बहीण-भाऊ एकाच रस्त्याच्या दोन टोकांना बसलो होतो. डोळे रस्त्याकडेच होते. यायचं मात्र दुसऱ्याने, असं दोघांनीही ठरवलं होतं.

म्हशी माळावर पोहोचल्या. एकही कमी नव्हती. म्हातारीने भावजयीच्या अंगणातल्या तुळशीजवळ बैठक मारली आणि रवंथ सुरू केला. तो आवाज ऐकला तेव्हा मला रडू आलं. रडता रडताच मी खोलीचं दार उघडलं आणि खताची पोती ओढून बाहेर टाकायला लागले.

भाऊ धावत आला. "अगं भिजतंय खत! जरा वेट कर, उद्या मी स्वतः..."

"दोघंबी करतोयच की," मी म्हणाले आणि पुढचं पोतं ओढलं.

पाणी आठवड्याने उतरलं. मी उतरले नाही. म्हशी माळावरच आहेत, खोलीला मी स्वतःच्या खर्चाने गिलावा केला. भाऊ त्यावर काही बोलत नाही, मीही बोलत नाही. अंगणातून तो माझ्या खिडकीकडे बघतो, खिडकीतून मी त्याच्याकडे बघते. सातबारावर माझं नाव अजून नाही. त्याचं काय करायचं ते मला माहीत आहे आणि मला घाई नाही.

एकच गोष्ट बदलली आहे. ढग भरून आले की मला माळावरसुद्धा तो गाळाचा वास येतो. खिडकीतून खालची गल्ली दिसते. तिथे अजून चार-पाच घरांत जनावरं आहेत, त्यांच्यातले दोघे माझ्याशी धंद्यावरून उभं वैर धरून आहेत. पाऊस लागला, की पाणी पहिल्या विटेपर्यंत येण्याआधी मी त्यांना फोन लावते. बाजारात अजूनही मी आधी बोलत नाही. पण इथे पलीकडे रिंग वाजते, वाजत राहते, आणि कुणी उचलेपर्यंत माझे हात थंड पडलेले असतात.